सुंदरलाल समितीचा अहवाल : नागरिकांवरील अत्याचारांच्या दस्तऐवजीकरणाची चिकित्सा
(लिंबागणेश व बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा संमत केला. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात केवळ पुरुषवाचक शब्द न राहता 'सर्व मानव' असा शब्द यावा, असा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला होता. नेमक्या त्याच दिवसांत भारत सरकारच्या सूचनेवरून नेमलेली एक समिती हैदराबाद संस्थानाच्या जिल्ह्यांतून फिरत होती. पंडित सुंदरलाल, काझी मुहम्मद अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे तिचे सदस्य होते. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात समितीने दौरा केला आणि सप्टेंबरमधील लष्करी कारवाईच्या काळात व तीनंतर नागरिकांच्या वाट्याला काय आले, ते लिहून काढले. जगात मानवी हक्कांची संहिता मान्य होत असता मराठवाड्यात त्या हक्कांच्या भंगाची नोंद घेतली जात होती. जाहीरनामा जगभर वाचला गेला, तर समितीचा अहवाल शासनाने प्रसिद्ध केला नाही.

प्रस्तुत लेखात या अहवालाचा विचार केवळ ऐतिहासिक साधन म्हणून केलेला नाही. नागरिकांवरील अत्याचारांची नोंद घेण्याची एक पद्धती म्हणून तो तपासण्याचा येथे प्रयत्न आहे. अशी नोंद कोणी, कोणत्या अधिकाराने व कोणासाठी केली, तिच्यात काय आले आणि काय सुटले, हे प्रश्न जगातील कोणत्याही लष्करग्रस्त प्रदेशाच्या बाबतीत विचारावे लागतात. मराठवाड्यातील वाचकासाठी मात्र ते परप्रदेशाचे प्रश्न नाहीत. बीड तालुक्यातील, बालाघाटच्या पठारावर वसलेले आणि भालचंद्र गणेशाच्या देवस्थानामुळे सर्वदूर ज्ञात असलेले लिंबागणेश हे गाव १९४८ साली हैदराबाद संस्थानात होते. अशा गावातील वाचकाने हा अहवाल हाती घेतल्यास त्याला आपल्या परिसराविषयी काय कळेल, ही या चिकित्सेची कसोटी आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. हैदराबाद संस्थान मात्र भारतात सामील झाले नाही. स्टेट काँग्रेसने स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा उभारला. स्वामीजींचे बीड जिल्ह्याशी निकटचे नाते होते. तेव्हा मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईत त्यांनी योगेश्वरी विद्यालयाच्या उभारणीत मोलाचा वाटा उचलला होता. दुसऱ्या बाजूस इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकार दल गावोगाव दहशत बसवीत होते. खंडणी, लूट, जाळपोळ, खून व स्त्रियांवरील अत्याचार यांमुळे मराठवाड्यातील हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून अहमदनगर, सोलापूर आदी जिल्ह्यांत आश्रयाला गेली. तेलंगणात १९४६ पासूनच कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र उठाव सुरू होता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना संस्थानात शिरली. सोलापूरहून नळदुर्गमार्गे निघालेली तुकडी ही तिची मुख्य तुकडी होती. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी हैदराबादचे सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे औपचारिक शरणागती पत्करली. १९४९ च्या अखेरीपर्यंत चौधरी लष्करी प्रशासक म्हणून कारभार पाहत होते. म्हणजेच समितीने ज्या प्रदेशाचा दौरा केला, तो लष्करी अंमलाखालील प्रदेश होता. या कारवाईस शासनाने 'पोलीस कारवाई' असे नाव दिले. हे नामकरण निरर्थक नव्हते. हैदराबादने ऑगस्ट १९४८ मध्ये सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती व १६ सप्टेंबरला तीवर पॅरिस येथे विचारही झाला होता. ही दोन राष्ट्रांमधील लढाई नसून देशांतर्गत बंदोबस्ताचा प्रश्न आहे, ही भूमिका त्या नावातून व्यक्त होत होती.

मराठवाड्याच्या बोलण्यात या कालखंडासाठी दोन शब्द रूढ झाले. एका घरात त्याला 'रझाकारी' म्हणतात, तर दुसऱ्या घरात 'पोलीस ॲक्शन'. वर्ष एकच, गावही अनेकदा एकच; परंतु प्रत्येक शब्दाबरोबर येणारे मृत वेगळे आहेत. दस्तऐवजीकरणाचा प्रश्न मुळात येथून सुरू होतो.

दस्तऐवजांचे तीन प्रकार

या काळातील अत्याचारांविषयीचे लेखन स्थूलमानाने तीन प्रकारांत विभागता येते. पहिला प्रकार शासकीय युक्तिवादाचा. भारत सरकारने १९४८ साली लष्करी कारवाईपूर्वी हैदराबादविषयी श्वेतपत्रिका काढली. वाटाघाटींच्या इतिहासाबरोबरच रझाकारांच्या अत्याचारांचा तपशील तीत आहे. या नोंदी महत्त्वाच्या आहेत. परंतु त्या एका निर्णयाच्या समर्थनार्थ एकत्र केलेल्या असल्याने निर्णय अमलात येताच नोंद थांबते.

दुसरा प्रकार सुंदरलाल समितीच्या अहवालाचा. शासनाच्या सूचनेवरून तयार झालेला, शासनाला सादर झालेला आणि शासनानेच बाजूस ठेवलेला हा दस्तऐवज आहे.

तिसरा प्रकार सहभागी व्यक्तींच्या लेखनाचा. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या इंग्रजी आठवणी १९६७ साली प्रसिद्ध झाल्या. अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ १९८७ साली आला. त्याआधीच क. मा. मुन्शी (१९५७) आणि हैदराबादचे अखेरचे पंतप्रधान मीर लायक अली (१९६२) यांनी परस्परविरोधी बाजू ग्रंथरूपाने मांडल्या होत्या. या लेखनाचे मोल वादातीत आहे. मात्र मुक्तिसंग्रामाच्या कथनाचा शेवट सामान्यतः १७ सप्टेंबरच्या ध्वजारोहणापाशी होतो. लढ्याची कथा तेथे पूर्ण होते, पण गावाची कथा होत नाही. त्या तारखेनंतरच्या आठवड्यांत जे घडले ते लढ्याच्या कथेत बसत नसल्याने कथेबाहेर राहते.

अहवालाचे सामर्थ्य

समितीने संस्थानातील १६ पैकी ९ जिल्ह्यांचा दौरा केला. ७ जिल्ह्यांची मुख्यालये, २१ शहरे आणि २३ महत्त्वाची गावे तिने पाहिली. याशिवाय ज्या गावांना जाता आले नाही अशा १०९ गावांतील ५०० हून अधिक व्यक्तींकडून माहिती घेतली. तीन आठवड्यांच्या अवधीत आणि त्या काळच्या रस्त्यांची स्थिती पाहता हा आवाका लहान नाही.

सदस्यांची निवडही लक्षणीय होती. पंडित सुंदरलाल हे गांधीविचाराचे कार्यकर्ते. ब्रिटिश राजवटीवरील त्यांचा हिंदी ग्रंथ १९२९ साली सरकारने जप्त केला होता. काझी अब्दुल गफार हे उर्दूतील मान्यवर लेखक आणि हैदराबादच्या 'पयाम' या दैनिकाचे संस्थापक-संपादक. सत्तेने ग्रंथ जप्त करणे म्हणजे काय, याचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या लेखकाच्या नेतृत्वाखाली हा अहवाल तयार झाला व पुढे तोही कपाटात गेला, हा विरोधाभास नोंद घेण्याजोगा आहे.

अहवालाचा आशय थोडक्यात असा : अत्यंत सावध अंदाजानुसार कारवाईच्या काळात व तीनंतर किमान २७ हजार ते ४० हजार लोक प्राणास मुकले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचली व तेथील मृतांची संख्या १८ हजारांच्या आसपास होती. औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५ हजार लोक मारले गेले. तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या लातूर शहरात हत्यासत्र वीस दिवसांहून अधिक काळ चालले. सुमारे १० हजार मुस्लिम वस्तीपैकी जेमतेम ३ हजार लोक समितीला तेथे आढळले. खुनांखेरीज बलात्कार, स्त्रियांचे अपहरण, लूट, जाळपोळ, प्रार्थनास्थळांची विटंबना, सक्तीचे धर्मांतर आणि घरे व जमिनी बळकावणे यांचाही अहवालात निर्देश आहे.

अहवालाचे खरे सामर्थ्य या आकड्यांत नाही, तर त्याच्या विवेकात आहे. रझाकारांच्या कार्यपद्धतीचे वर्णन तो टाळत नाही. गावावर मासिक खंडणी बसवणे, ती न मिळाल्यास लूट आणि प्रतिकार झाल्यास जाळपोळ, खून व अपहरण, ही चढती भाजणी त्याने स्पष्ट मांडली आहे. गुन्हेगारांची वर्गवारी करताना तो समाजावर सरसकट ठपका ठेवत नाही. सोलापूर व इतर शहरांतून आलेल्या एका जातीयवादी संघटनेच्या सशस्त्र माणसांचा, काही कम्युनिस्टांचा तसेच काही ठिकाणी लष्कर व पोलीस दलातील व्यक्तींच्या सहभागाचा त्यात वेगवेगळा उल्लेख आहे. लष्करातील लोकांनी काही गावांत प्रौढ मुस्लिम पुरुषांना बाहेर काढून ठार मारल्याची गंभीर माहितीही समितीने शासनाला दिली. त्याचबरोबर मुस्लिम विणकरांचे रक्षण करताना स्वतःचे प्राण गमावणाऱ्या हिंदू विणकरांची आणि पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी झटलेल्या हिंदू नागरिकांची नोंद घ्यायलाही समिती विसरली नाही. अत्याचाराच्या नोंदीत वाचवणाऱ्यांना स्थान मिळाले, तरच ती नोंद सूडाचे साधन होण्यापासून वाचते. हे भान या अहवालाला आहे.

अहवालाच्या मर्यादा

अहवालाचे महत्त्व मान्य करूनही त्याच्या तीन मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक ठरते.

पहिली मर्यादा अधिकाराची. समिती चौकशी आयोग म्हणून नेमलेली नव्हती. दोन्ही समाजांत सलोखा प्रस्थापित करणे हे तिचे काम होते आणि हे समितीने स्वतःच नमूद केले आहे. जे पाहिले व ऐकले ते शासनाच्या कानी घालणे तिला कर्तव्य वाटले, म्हणून तिने ते लिहिले. त्यामुळे तिला साक्षीदारास शपथ देण्याचा, कागदपत्रे मागवण्याचा वा अधिकाऱ्यास बोलावण्याचा अधिकार नव्हता. तत्कालीन गृहमंत्री वल्लभभाई पटेल यांनी अहवालाला जो कठोर आक्षेप घेतला, त्याचे एक सूत्र हेच होते की समितीने आपल्या कार्यकक्षेबाहेर पाऊल टाकले. रझाकारांच्या कृत्यांना अहवालात पुरेसा न्याय मिळालेला नाही, हे दुसरे सूत्र. यातील दुसरा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. कारवाईपूर्वीच्या अत्याचारांचे वर्णन अहवालात असले, तरी त्याची खोली नंतरच्या अत्याचारांइतकी नाही. मात्र त्यावरचा उपाय नोंद पूर्ण करणे हा होता. असलेली नोंद बाजूस सारणे हा नव्हे.

दुसरी मर्यादा आकडेवारीची. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांतील १८ हजार आणि पुढील चार जिल्ह्यांतील ५ हजार मिळून २३ हजार होतात. किमान एकूण आकडा २७ हजार धरल्यास उरलेल्या आठ जिल्ह्यांच्या वाट्याला सुमारे ४ हजार येतात. ४० हजार ही वरची मर्यादा कशी काढली, याचे गणित प्रसिद्ध पाठात मांडलेले नाही. प्रत्यक्ष मोजणी, ऐकीव माहिती आणि अनुमान यांच्यातील सीमारेषा वाचकासमोर येत नाही. याउलट एका विहिरीत समितीने स्वतः ११ मृतदेह मोजले व त्यांत तान्ह्या मुलासह एक स्त्री होती, असा उल्लेख अहवालात येतो. येथे मोजणारा, मोजलेली गोष्ट आणि मोजण्याची जागा एकत्र आली आहे. पुराव्याच्या दृष्टीने हे ११ मृत्यू त्या ४० हजारांपेक्षा भक्कम आहेत. आकडा मोठा असला की त्याचा परिणाम मोठा होतो, पण तो नाकारणेही तितकेच सोपे होते. आजवर या अहवालावरील वाद बहुतांशी २७ हजार की ४० हजार, की त्याहून कमी वा अधिक, या प्रश्नाभोवती फिरत राहिला, याचे मूळ या उणिवेत आहे.

तिसरी आणि सर्वांत मोठी मर्यादा साक्षींची. ५०० हून अधिक व्यक्तींनी समितीला माहिती दिली; परंतु अहवालाच्या प्रसिद्ध पाठात त्यांचे जबाब स्वतंत्रपणे जोडलेले नाहीत. ही त्या काळाची मर्यादा होती असे म्हणता येत नाही. १९१९ च्या पंजाबातील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या काँग्रेसच्या उपसमितीने १,७०० हून अधिक साक्षीदारांचे म्हणणे तपासले आणि त्यांतील सुमारे ६५० जबाब निवडून १९२० साली अहवालासोबत प्रसिद्ध केले. त्या उपसमितीत महात्मा गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. अतिशयोक्त वाटणारी विधाने वगळायची, जबाबावर नाव-गाव घालायचे आणि निष्कर्षाला जबाबाचा आधार द्यायचा, ही रीत भारतीय सार्वजनिक जीवनात अठ्ठावीस वर्षांपूर्वीच रुजली होती. परकीय सत्तेविरुद्ध जी काटेकोर पद्धती वापरली गेली, ती स्वकीय सत्तेच्या काळात वापरली गेली नाही. मानवी हक्कांच्या दस्तऐवजीकरणाची कसोटी नेमकी येथे लागते.

अप्रकाशनाचे परिणाम

अहवाल अनेक दशके सर्वसामान्य अभ्यासकाच्या हाती आला नाही. ओमर खालिदी यांनी संपादित केलेल्या व १९८८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून त्याचे काही अंश वाचकांसमोर आले. २०१३ साली ए. जी. नूरानी यांच्या इंग्रजी ग्रंथात तो विस्ताराने उपलब्ध झाला. १९४८ ते २०१३ हा काळ पासष्ट वर्षांचा आहे.

या विलंबाचे तीन परिणाम दिसतात. एक, साक्षीदार गेले. दोन, अधिकृत नोंदीच्या अभावी अफवा व अतिशयोक्ती यांना मोकळे रान मिळाले. मौनामुळे स्मृती नाहीशी होत नाही, ती केवळ तपासण्यापलीकडे जाते. तीन, कायद्याचे संरक्षण लाभले नाही. फाळणीच्या काळात पळवून नेलेल्या स्त्रियांच्या शोधासाठी १९४९ साली जो कायदा झाला, त्याचे क्षेत्र पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत, राजस्थान आदी उत्तरेकडील प्रदेशांपुरते होते. हैदराबादमधील अपहृत स्त्रिया त्याच्या कक्षेत आल्या नाहीत. दुःख एकाच प्रकारचे असूनही त्याची नोंद कोठे झाली, यावर न्यायाची शक्यता ठरली.

मुक्तिसंग्रामाची भूमिका आणि मराठी लेखनापुढील प्रश्न

या अहवालाची चर्चा केल्यास मुक्तिसंग्रामाला उणेपणा येतो, अशी धास्ती मराठवाड्यात अनेकदा व्यक्त होते. ती तपासून पाहणे आवश्यक आहे. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांची भूमिका आणि नरहर कुरुंदकरांचे विवेचन यांचा गाभा असा की, हा लढा हिंदू विरुद्ध मुसलमान असा नसून सरंजामी एकतंत्री सत्तेविरुद्ध लोकशाहीचा होता. ही भूमिका खरी मानायची, तर तिचा तार्किक निष्कर्षही स्वीकारावा लागतो. सत्ता निजामाची होती. गावातील मुस्लिम विणकर, मजूर वा छोटा शेतकरी ती सत्ता नव्हता. म्हणून १७ सप्टेंबरनंतर मारल्या गेलेल्या निरपराध माणसाची नोंद घेणे हा मुक्तिसंग्रामाचा अधिक्षेप नाही. तसे करणे हे त्याच्या तत्त्वाशी सुसंगतच आहे.

सोपी वाटणी मोडणारे सर्वांत ठळक उदाहरण 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचे आहे. भारतात विलीन होण्याचा पुरस्कार केल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात त्यांची निर्घृण हत्या झाली. मारले गेलेले संपादक मुस्लिम होते आणि ते रझाकारांच्या दहशतीचे बळी होते. धर्माच्या दोन रकान्यांत मृतांची विभागणी करणाऱ्या वहीत त्यांना कोणत्या रकान्यात घालणार? लढ्यात बळी पडलेले, रझाकारांनी मारलेले आणि कारवाईनंतर मारले गेलेले, अशी सर्व माणसे एकाच वहीत, परंतु काळ, स्थळ व कर्ता स्पष्ट करून नोंदवणे, हाच यावरील मार्ग आहे. सर्व अत्याचारांना एका मापाने मोजावे असा याचा अर्थ नाही. प्रत्येक मृत्यूला पुराव्याचा एकच निकष लावावा, एवढाच त्याचा अर्थ आहे.

बीड जिल्ह्याचा अनुभव : लाभाचे कागद आणि अलाभाचे मृत्यू

दस्तऐवजांविषयी बीड जिल्ह्याला एक कटू अनुभव आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सहभागाबद्दल, विशेषतः सरहद्दीवरील शिबिरांतील कार्याबद्दल, स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन मिळू लागल्यावर या जिल्ह्यात बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली. न्या. पालकर आयोगामार्फत चौकशी झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व २००५ साली न्यायालयाने त्यावर निर्णय दिला. खरोखर हालअपेष्टा सोसलेल्या स्वातंत्र्यसैनिकांना या प्रकारांमुळे विनाकारण संशयाची झळ लागली.

या अनुभवातून दस्तऐवजीकरणाचे एक मूलभूत सूत्र हाती लागते. ज्या नोंदीतून लाभ होतो, तेथे नसलेल्या गोष्टीचेही कागद तयार होतात. ज्या नोंदीतून लाभ नाही, किंबहुना धोकाच आहे, तेथे घडलेल्या मृत्यूचाही कागद तयार होत नाही. एकाच जिल्ह्यात, एकाच कालखंडाविषयी हे दोन्ही घडले. म्हणून केवळ साक्ष मिळाली की ती सत्य, किंवा केवळ कागद नाही म्हणून घटना असत्य, अशी कोणतीही सोपी भूमिका अभ्यासकाला घेता येणार नाही. साक्ष, कागद व स्थळ यांचा परस्परांशी पडताळा घेणे हाच उपाय उरतो.

गाव हे नोंदीचे एकक

आता प्रस्तावनेतील कसोटीकडे वळता येईल. लिंबागणेशमधील वाचकास अहवालाच्या जिल्हावार अंदाजातून आपल्या परिसराविषयी काय कळते? औरंगाबाद, नलगोंडा व मेदक यांच्याबरोबर बीडचा आकडा एकत्र दिलेला आहे. मांजरसुंबा-पाटोदा मार्गालगतचे हे गाव आणि नलगोंड्यातील एखादे तेलुगुभाषक गाव एकाच बेरजेत जमा झाले आहे. त्या बेरजेवरून बीड जिल्ह्यात किती, बीड तालुक्यात किती आणि एखाद्या विशिष्ट गावात कोणी मारले गेले की नाही, यांपैकी काहीही ठरवता येत नाही. गावात काहीही अनुचित घडले नसेल, शेजाऱ्यांनी एकमेकांना जपले असेल, तर तेही या बेरजेत दिसत नाही. अत्याचार न झाल्याची नोंद हीही मोलाची नोंद असते. ज्या गावांत हिंसा झाली नाही तेथे ती का झाली नाही, हे कळल्याखेरीज जेथे झाली तेथील कारणमीमांसा अपुरी राहते.

गावपातळीवरची साधने उपलब्ध नाहीत, ही सबब आता पुढे करता येणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्ताने मराठवाड्यातील निजामकालीन उर्दू व मोडी कागदपत्रे कुणबी नोंदींसाठी मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. एका प्रयोजनासाठी जी कागदपत्रे धुंडाळली गेली, तीच दुसऱ्या प्रयोजनासाठीही वाचता येतात. १९४१ व १९५१ च्या जनगणना, १९५४-५५ च्या सुमाराची खासरा पत्रके, इनाम जमिनींच्या नोंदी, गावच्या जन्म-मृत्यूच्या वह्या आणि जुन्या शाळांची जनरल रजिस्टरे एकमेकांशेजारी ठेवल्यास एखादे कुटुंब गावातून कधी नाहीसे झाले, त्याची जमीन कोणाच्या नावावर गेली, कोणत्या मुलाचे नाव १९४८ नंतर हजेरीतून गळाले, याचा माग निघू शकतो. रझाकारांच्या भीतीने सरहद्दीपलीकडे गेलेल्या कुटुंबांचा मागही त्याच कागदांतून लागू शकेल. संस्थानाच्या मध्यवर्ती दप्तराचा मोठा भाग हैदराबाद येथील राज्य पुराभिलेखागारात आहे, हेही लक्षात घ्यावे लागेल. बीड जिल्हा १९५६ साली मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला, पण त्याचे जुने कागद त्याच्याबरोबर सर्वस्वी आले नाहीत.

हे काम एका विषयाच्या अभ्यासकाचे नाही. कागद वाचण्यासाठी उर्दू व मोडीचे जाणकार हवेत, लोकसंख्येतील खंड ओळखण्यासाठी भूगोल व संख्याशास्त्र हवे, साक्षीचे मोल ठरवण्यासाठी विधी आणि इतिहास हवा, आणि वृद्ध व्यक्तीशी संयमाने बोलण्यासाठी समाजशास्त्र व साहित्य यांची समज हवी. ग्रामीण महाविद्यालयात हे सर्व विभाग एका छताखाली असतात. विद्यार्थी त्याच गावांतून येतात. विद्यापीठीय संशोधनाला जी ग्रामस्थांशी जवळीक प्रयत्नपूर्वक मिळवावी लागते, ती या महाविद्यालयांपाशी मुळातच आहे.

या कामात काही पथ्ये अनिवार्य आहेत. साक्ष देणाऱ्याची संमती आधी घ्यावी. अत्याचारग्रस्त स्त्रियांची व त्यांच्या वंशजांची ओळख उघड करू नये. आरोप झालेल्या व्यक्तीचे वारस गावातच नांदत असतात, म्हणून मूळ नोंद आणि प्रकाशित मजकूर यांत अंतर ठेवावे. पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमान केलेले हे तीन स्तर प्रत्येक जबाबात वेगळे लिहावेत. साक्षीदाराचे शब्द त्याच्याच बोलीत टिपून घ्यावेत. प्रमाण भाषेत उतरवताना अनेकदा साक्षच बदलते. अशा स्वरूपाचे दंडक संशयास्पद मृत्यूंच्या तपासाविषयीच्या १९९१ च्या मिनेसोटा संहितेने आणि छळाच्या नोंदीविषयीच्या १९९९ च्या इस्तंबूल संहितेने पुढे जगासमोर ठेवले. त्यांचे मूळ तत्त्व मात्र पंजाबच्या १९२० च्या अहवालाशी जुळणारे आहे : दावा लहान ठेवावा, आधार भक्कम ठेवावा.

समारोप

सुंदरलाल समितीचा अहवाल हा धैर्याने लिहिलेला, परंतु अपुऱ्या अधिकाराने व अपुऱ्या वेळात सिद्ध झालेला दस्तऐवज आहे. त्याला अंतिम सत्य मानणे जितके चुकीचे, तितकेच त्याला एकांगी ठरवून मोडीत काढणेही चुकीचे. त्याने एकूण आकडा दिला, पण नावे दिली नाहीत. जिल्हे दिले, पण मोजकी ठिकाणे वगळता गावे दिली नाहीत. मुक्तिसंग्रामाच्या मराठी लेखनाने नावे व गावे दिली, पण ती लढ्याच्या मर्यादेत. या दोन्हींच्या मधली जागा अद्याप रिकामी आहे.

१९४८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज पंचाऐंशी वर्षे ओलांडून गेले आहे. कागद आणखी काही काळ थांबतील, माणसे थांबणार नाहीत. लिंबागणेशसारख्या गावातील एखाद्या वृद्धाला 'रझाकारी' आणि 'पोलीस ॲक्शन' या दोन्ही शब्दांमागचे जे ठाऊक आहे, ते एकाच वहीत उतरवून घेणे हे परिसरातील महाविद्यालयांपुढील निकडीचे कार्य आहे. त्यातून कदाचित कोणताही मोठा आकडा हाती येणार नाही. मात्र जी थोडी नावे निघतील, ती कोणालाही नाकारता येणार नाहीत.